रोग खरा होता आणि बहाणाही खरा होता: महामारीतली आंदोलनं, अर्धवट लोकशाहीतली

बऱ्याच जणांच्या डोक्यात असं असतं की देश एकतर लोकशाही असतो नाहीतर हुकूमशाही, मधलं काही नसतंच. पण मधलं असतं, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत ते चांगलंच फोफावलंय. तिथे निवडणुका होतात, मतं मोजली जातात, सरकार खरोखर लोकांच्या मतांवर येतं, संसद भरते, कोर्टं चालतात, पेपर निघतात. फक्त निवडून आलेला पक्ष, त्याला अडवू शकतील अशा सगळ्या जागा हळूहळू ताब्यात घेत जातो. वरच्या कोर्टात आपली माणसं बसव, चॅनलं मित्रांना विकत घ्यायला लाव, युनिव्हर्सिटीच्या डोक्यावर आपलं मंडळ आण, परदेशातून पैसे घेणाऱ्या संस्थांना देशद्रोही ठरव. आणि हे सगळं रीतसर, बहुमताने, कायदा पास करून. याला इलिबरल डेमोक्रसी म्हणतात. अमेरिकन पत्रकार फरीद झकारिया यांनी १९९७ मध्ये हा शब्द चर्चेत आणला तो धोक्याची सूचना म्हणून, आणि २०१४ च्या जुलैमध्ये हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान व्हिक्टर ऑर्बान यांनी भाषणात उघड सांगून टाकलं की आम्ही जे उभं करतोय ते इलिबरल राज्यच आहे. म्हणजे ज्याला लोक रोग म्हणत होते ते त्यांनी ध्येय म्हणून मांडलं.

हंगेरी हे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आहे म्हणून तिथूनच सुरू करू. २०१० मध्ये ऑर्बान यांच्या फिदेस पक्षाला संसदेत दोन-तृतीयांश बहुमत मिळालं, त्या जोरावर नवी राज्यघटना आली, २०१८ मध्ये सरकारच्या जवळच्या मालकांनी चारशेहून जास्त पेपर, रेडिओ, वेबसाइट वगैरे एकाच फाउंडेशनला देऊन टाकले. आता अशा देशात तुम्हाला सरकारचा एखादा निर्णय पटला नाही तर जायचं कुठे? संसदेत विरोधकांचा आवाज मोजायलाही उरत नाही, कोर्टाचा भरवसा नाही, टीव्हीवर तुमची बातमी येत नाही. उरतो तो रस्ता. आपण किती जण आहोत हे दाखवण्याची ती एकच जागा शिल्लक असते, आणि म्हणूनच अशा देशांत मोर्च्याला जे महत्त्व असतं ते चांगल्या चालणाऱ्या लोकशाहीत राहणाऱ्या माणसाला पटकन कळत नाही.

आणि २०२० च्या मार्चमध्ये नेमका रस्ताच बंद झाला.

इथेच हा विषय अवघड होतो आणि इथेच लोक घाईघाईने एक बाजू पकडून मोकळे होतात. विषाणू खरा होता. गर्दीत पसरत होता, माणसं खरोखर मरत होती, लस नव्हती. त्यामुळे जमावबंदी हा काही सरकारचा कट नव्हता, ज्या देशांत सरकारं नीट वागत होती तिथेही जमावबंदी होतीच. पण त्याच खऱ्या कारणाआडून जे वर्षानुवर्षं करायचं होतं ते उरकून घेणंही चालू होतं. माझ्या मते हा सगळा काळ समजून घ्यायचा असेल तर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी धरून ठेवाव्या लागतात, एक सोडली की चित्र बिघडतं. रोग खोटा म्हणणारे चुकले आणि सगळं फक्त आरोग्यासाठीच होतं म्हणणारेही चुकले. ज्या आंदोलनांना हे दोन्ही धरून ठेवता आलं तीच त्या काळात तग धरून राहिली.

आता सरकारांनी काय केलं ते बघू. हंगेरीत ३० मार्च २०२० ला १३७ विरुद्ध ५३ मतांनी कायदा झाला की सरकार अध्यादेशांवर कारभार करू शकेल, आणि हे किती दिवस चालणार याची तारीख कायद्यात नव्हती. सोबत फौजदारी कायद्यात बदल, की साथीच्या काळात खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती पसरवून सरकारच्या कामात अडथळा आणला तर पाच वर्षांपर्यंत कैद. मे महिन्यात ईशान्येकडच्या एका छोट्या गावातल्या वयस्कर माणसाने फेसबुकवर पंतप्रधानांवर टीका केली म्हणून पोलीस सकाळी दारात. चौकशी केली, काही तासांनी सोडून दिलं, खटला वगैरे काही झाला नाही. वरवर बघितलं तर काहीच घडलं नाही. पण त्याच्या शेजारपाजारच्या आणि ती बातमी वाचणाऱ्या प्रत्येक माणसाने पुढची पोस्ट टाकताना दोनदा विचार केला असणार, आणि कायद्याचं खरं काम तिथेच झालं. कोणाला शिक्षा करायची गरजच पडली नाही.

तो कायदा जूनमध्ये मागे घेतला गेला हेही सांगायला हवं, पण मधल्या काळात काय काय सरकलं ते बघा. कायदा झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३१ मार्चला, ट्रान्स लोकांना कागदोपत्री लिंग बदलता येऊ नये असं विधेयक मांडलं गेलं आणि १९ मे ला पासही झालं. साथीचा आणि या विधेयकाचा काय संबंध? काहीच नाही. संबंध एवढाच की तेव्हा कोणी संसदेसमोर जमू शकत नव्हतं. पक्षांना मिळणारा सरकारी निधी निम्मा केला, नगरपालिकांना मिळणारा वाहनकर काढून घेतला, कारण दिलं साथीशी लढायला पैसे लागतात. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये बुडापेस्टसकट बरीच शहरं विरोधकांनी जिंकली होती, त्यामुळे फटका सगळ्यांना बसला तरी कोणाला जास्त बोचला ते कळतं.

पोलंडमध्ये बरोबर उलटी युक्ती. तिथे आणीबाणी जाहीरच केली नाही. कारण पोलंडच्या घटनेनुसार नैसर्गिक आपत्तीची आणीबाणी लावली तर ती चालू असताना आणि संपल्यावर ९० दिवस निवडणूक घेता येत नाही, आणि राष्ट्राध्यक्षाची निवडणूक तर १० मे २०२० ला होती आणि सत्ताधारी पक्षाला ती वेळेवर हवी होती कारण त्यांचा उमेदवार पुढे होता. मग जमावबंदी, प्रवासबंदी हे सगळं साध्या सरकारी नियमांवर ढकललं. निवडणूक शेवटी पुढे ढकलावीच लागली, जून-जुलैमध्ये झाली. पण नियम तसेच राहिले आणि त्यातून एक फार त्रासदायक हत्यार तयार झालं, ते म्हणजे आरोग्य निरीक्षक खात्याचा दंड, ३०,००० झ्लॉटीपर्यंत (झ्लॉटी हे पोलंडचं चलन), आधी कोर्टात जायची गरज नाही, पोलिसांची नोटीस गेली की दंड लागला. पुढे २०२१ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने एकामागून एक निकालांत सांगितलं की माणसाच्या फिरण्यावर अशी सरसकट बंधनं साध्या नियमाने घालता येत नाहीत, आणि शिक्षा रद्द केल्या. न्याय मिळाला, पण एप्रिल २०२० मध्ये जो माणूस दंडाला घाबरून घरी बसला त्याला तो एप्रिल काही परत मिळाला नाही. अशा राजवटीत वेळ हाच मोठा खेळ असतो, तुम्ही हरता म्हणजे बरेचदा तुम्ही उशिरा जिंकता.

तिसरी गोष्ट, नियम एकाला एक आणि दुसऱ्याला एक. तुर्कस्तानात १ जानेवारी २०२१ ला राष्ट्राध्यक्ष एर्दोगान यांनी इस्तंबूलच्या बोआझिची युनिव्हर्सिटीवर स्वतःच्या पक्षाचा माणूस रेक्टर म्हणून नेमला. विद्यार्थी रस्त्यावर आले तर गव्हर्नरच्या ऑफिसने साथीचं कारण देऊन युनिव्हर्सिटीच्या आसपासच्या भागात सभा-मोर्चे बंद केले. त्याच हिवाळ्यात सत्ताधारी पक्षाची अधिवेशनं गच्च भरलेल्या हॉलमध्ये चालू होती आणि एर्दोगान स्वतः स्टेजवरून हॉल खचाखच भरल्याचं कौतुक करत होते. प्राध्यापकांनी मग वेगळाच मार्ग काढला, कामाच्या दिवशी दुपारी गाऊन घालून रेक्टरच्या इमारतीकडे पाठ करून उभं राहायचं, अंतर ठेवून, मास्क लावून, शांतपणे. जुलै २०२१ मध्ये तो रेक्टर हटवला गेला. त्याच्या जागी आलेला माणूसही वरूनच नेमलेला, त्यामुळे पाठ फिरवणं चालूच राहिलं.

रस्ता बंद झाल्यावर आंदोलनं काय करतात हे बघायला गेलं तर २०२० चा एप्रिल खूप शिकवतो. हंगेरीत सरकारने आदेश काढला की हॉस्पिटलांतल्या ६० टक्के खाटा कोरोनासाठी मोकळ्या करा, त्यात चालता न येणाऱ्या, गंभीर आजारी लोकांनाही घरी पाठवलं गेलं. याविरुद्ध लोक बुडापेस्टमध्ये गाड्या घेऊन निघाले, डॅन्यूबवरच्या साखळी पुलाच्या टोकाला जो गोल चौक आहे तिथे फेऱ्या मारत हॉर्न वाजवायचे. गाडीत बसलेलो आहोत, काच वर आहे, कोणाच्या जवळ नाही, म्हणजे साथीच्या दृष्टीने धोका जवळपास शून्य. पोलिसांनी दंड ठोकले, काहींना हॉर्नचा गैरवापर केला म्हणून. इथे बहाणा उघडा पडला. नियम आरोग्यासाठी असेल तर बंद गाडीतल्या माणसाला कशाला पकडायचं?

पोलंडमध्ये त्याच महिन्यात गर्भपातावर जवळपास पूर्ण बंदी आणणारं विधेयक संसदेत चर्चेला आलं, लोक घरात कोंडलेले असताना. बायकांनी वॉर्सामध्ये गाड्या आणि सायकली घेऊन मोठा चौक अडवला, खिडक्यांत काळ्या छत्र्या आणि पोस्टर लावली, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे रांग. दुकानासमोर दोन-दोन मीटर अंतर ठेवून उभं राहायला परवानगी होती ना, मग संसदेजवळच्या दुकानाबाहेर हातात फलक घेऊन रांग लावली. नियम तंतोतंत पाळला, आणि नियम पाळणं हेच आंदोलन झालं.

सर्बियात तर लॉकडाऊन फारच कडक होता, शनिवार-रविवार पूर्ण घरात. तिथे लोक रात्री आठ वाजता बाल्कनीत येऊन डॉक्टर-नर्ससाठी टाळ्या वाजवायचे. एप्रिलच्या शेवटी एका नागरिक गटाने हाक दिली की टाळ्या झाल्या की पाच मिनिटांनी, आठ वाजून पाच मिनिटांनी, भांडी वाजवा, ती राष्ट्राध्यक्ष वुचिच यांच्या राजवटीविरुद्ध. ही पाच मिनिटं फार विचारपूर्वक ठेवलेली होती. आठच्या टाळ्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या, त्या चोरायच्या नाहीत. आपला राग वेगळा आणि आपली कृतज्ञता वेगळी, दोन्ही एकाच बाल्कनीतून. आवाज इतका वाढला की सत्ताधारी पक्षाचे कार्यकर्ते मशाली आणि स्पीकर घेऊन इमारतींच्या गच्च्यांवर चढले. आता संचारबंदीत हे लोक गच्च्यांवर पोचले कसे हा प्रश्न सगळ्या शहराने विचारला.

एका आंदोलनापाशी जरा थांबतो, कारण साथ आणि सत्ता दोन्ही सांभाळत चालणं म्हणजे काय हे त्यात अगदी जवळून दिसतं. बुडापेस्टची नाट्य आणि चित्रपट युनिव्हर्सिटी, दीडशे वर्षांची परंपरा असलेली. १ सप्टेंबर २०२० पासून ती सरकारी न राहता एका फाउंडेशनकडे गेली, फाउंडेशनचं मंडळ सरकारने निवडलेलं, अध्यक्ष सरकारच्या जवळचे नाट्यदिग्दर्शक. युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या सिनेटचे अधिकार गेले. विद्यार्थ्यांनी इमारतीचा ताबा घेतला, दारावर बांधकामाच्या जागी असते तशी लाल-पांढरी पट्टी बांधली आणि आत राहायला लागले, शिक्षक आत येऊन तास घ्यायचे. ६ सप्टेंबरला त्यांनी मानवी साखळी केली. युनिव्हर्सिटीच्या इमारतीपासून थेट संसदेपर्यंत काही किलोमीटर, हजारो माणसं, तोंडावर मास्क, मध्ये पट्टीने राखलेलं अंतर, आणि एक जाहीरनाम्याचा कागद हातातून हातात जात संसदेच्या पायऱ्यांपर्यंत पोचला. माणसं एकमेकांना चिकटून उभी नव्हती तरी साखळी तुटली नाही. ती पट्टी मग शहरभर दिसायला लागली, इतर युनिव्हर्सिट्यांच्या दारांवर, पुतळ्यांवर, लोकांच्या मनगटांवर.

ताबा ७१ दिवस टिकला. नोव्हेंबरमध्ये दुसरी लाट आली, सरकारने पुन्हा आणीबाणी लावली, जमाव आणि प्रत्यक्ष तास बंद झाले आणि विद्यार्थ्यांना इमारत सोडावी लागली. म्हणजे जे काम पोलीस पाठवून केलं असतं तर जगभर फोटो गेले असते, ते साथीच्या नियमाने शांतपणे झालं. आणि नियम तेव्हा अनावश्यक होता असंही म्हणता येत नाही, लाट खरोखर भयानक होती. मला वाटतं त्या मुलांना सगळ्यात जास्त हेच लागलं असेल, की भांडायला समोर धड शत्रूही नव्हता. बाहेर पडून त्यांनी फ्री एसझेडएफई (एसझेडएफई हे युनिव्हर्सिटीच्या हंगेरियन नावाचं लघुरूप) नावाची संस्था काढली आणि परदेशी युनिव्हर्सिट्यांच्या मदतीने बऱ्याच जणांनी आपली डिग्री पूर्ण केली. इमारत गेली, शाळा वाचली.

फिलिपिन्सचं चित्र जास्त काळं आहे. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांच्या सरकारचा लॉकडाऊन पोलीस आणि लष्कराच्या हातात होता. १ एप्रिल २०२० ला मनिलाजवळच्या क्वेझॉन सिटीत झोपडपट्टीतले लोक अन्नाची मदत मागायला रस्त्यावर आले, २१ जणांना अटक झाली, आणि त्याच रात्री दुतेर्ते टीव्हीवर म्हणाले की गडबड करणाऱ्यांनी जीवाला धोका निर्माण केला तर गोळ्या घाला. मे महिन्यात देशातलं सगळ्यात मोठं टीव्ही नेटवर्क बंद पाडलं गेलं, जुलैमध्ये दहशतवादविरोधी कायदा झाला ज्यात कोर्टाच्या वॉरंटशिवाय कित्येक दिवस डांबून ठेवता येतं. आणि याच दरम्यान मे मध्ये मनिला विभागाच्या पोलीस प्रमुखाचा वाढदिवस झाला, केक, जेवण, पाहुणे, सगळं, फोटोही पोलिसांच्याच फेसबुक पेजवर. ते म्हणाले ही पार्टी नव्हती, ही मान्यानिता होती, म्हणजे पहाटे येऊन गाणी म्हणायची जुनी पद्धत. काही महिन्यांनी त्यांना बढती देऊन देशाचा पोलीस प्रमुख केलं.

१२ जूनला, स्वातंत्र्यदिनी, विद्यार्थी आणि संघटना फिलिपिन्स युनिव्हर्सिटीच्या आवारात जमल्या, डोक्यावर वाढदिवसाच्या टोप्या, हातात फुगे आणि केक, मास्क लावलेले, अंतर ठेवलेलं, आणि नाव दिलं ग्रँड मान्यानिता. तुमच्या साहेबांची चालते तर आमचीही चालायला हवी. हसण्यामागे त्या लोकांनी घेतलेला धोका लक्षात घ्या, त्या देशात आंदोलकांवर खटले भरले जात होते आणि कार्यकर्ते मारलेही जात होते.

पुढच्या वर्षी तिथेच आणखी एक गोष्ट घडली जी मोर्च्यासारखी दिसतच नाही. एप्रिल २०२१ मध्ये क्वेझॉन सिटीच्या एका रस्त्यावर एका तरुणीने बांबूची छोटी गाडी लावली, त्यात तांदूळ, भाजी, डबे, आणि पुठ्ठ्यावर लिहिलं की ऐपतीप्रमाणे द्या, गरजेप्रमाणे घ्या. काही दिवसांत देशभर अशा शेकडो गाड्या उभ्या राहिल्या. आणि सरकारची प्रतिक्रिया काय, तर पोलीस चौकशीला आले आणि बंडखोरीविरोधी यंत्रणेशी जोडलेल्या लोकांनी या मागे कम्युनिस्ट आहेत असं पसरवायला सुरुवात केली. त्या मुलीने जिवाच्या भीतीने एक दिवस गाडी बंद ठेवली, मग एवढे लोक तिच्या बाजूने उभे राहिले की पुन्हा सुरू केली.

भाजीच्या गाडीला सरकार का घाबरतं? कारण ती गाडी न बोलता सांगते की मदत पोचायला हवी होती आणि पोचली नाही. इलिबरल सरकारचा मोठा दावा हाच असतो की आम्हीच तुमचे रक्षणकर्ते, मधे कोणी नको. त्यामुळे दुसरं कोणी मदत करायला लागलं की त्यांना ती स्पर्धा वाटते. तुर्कस्तानात मार्च २०२० च्या शेवटी इस्तंबूल आणि अंकाराच्या विरोधी पक्षाच्या महापौरांनी गरजूंसाठी देणग्या गोळा करायला सुरुवात केली तर केंद्र सरकारने ती खाती गोठवली, हे समांतर सरकार चालवणं आहे म्हणून. इस्तंबूलने मग दुसरी वाट काढली, गरजू माणसाने आपलं पाण्याचं किंवा गॅसचं बिल वेबसाइटवर टाकायचं आणि कोणी अनोळखी माणसाने ते परस्पर भरायचं. पैसे कुठल्याच खात्यात जमा होत नाहीत, मग गोठवणार काय?

ब्राझीलमध्ये सगळा डाव उलटा. राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो साथीला छोटासा फ्लू म्हणत होते आणि लॉकडाऊनला विरोध करत होते. म्हणजे तिथे विरोधकांची मागणी होती की नीट बंधनं घाला, लस आणा, आणि अशी मागणी करणारा माणूस गर्दी करून मोर्चा कसा काढणार? बोल्सोनारोंचे समर्थक मास्क न लावता रस्ते भरत होते आणि विरोधक खिडक्यांतून भांडी वाजवत होते, त्यामुळे बघणाऱ्याला वाटायचं रस्ता सगळा एकाच बाजूचा आहे. साओ पाउलोच्या पॅराइसोपोलिस वस्तीत लोकांनी स्वतःच रचना उभी केली, साधारण पन्नास घरांमागे एक गल्ली-अध्यक्ष, तो आजारी माणसांची चौकशी करणार, अन्न पोचवणार, आणि वस्तीने स्वतःच्या अँब्युलन्स भाड्याने घेतल्या. जून २०२० मध्ये आरोग्य मंत्रालयाने एकूण मृत्यूंचे आकडे वेबसाइटवरून काढले तर मोठ्या पेपर-चॅनलांनी एकत्र येऊन राज्यांकडून आकडे जमा करून रोज छापायला सुरुवात केली, सुप्रीम कोर्टानेही आकडे परत लावायला लावले. शेवटी २९ मे २०२१ ला, साडेचार लाखांहून जास्त माणसं गेल्यावर, विरोधक मास्क लावून २०० हून जास्त शहरांत रस्त्यावर आले. सरकार विषाणूपेक्षा धोकादायक आहे अशा अर्थाचे फलक त्यांच्या हातात होते. वर्षभर हे लोक घरी का थांबले होते हे लक्षात घेतलं तर त्या फलकाचं वजन कळतं.

साथीत गर्दी करायची का, हाच प्रश्न पोलंडमध्ये सगळ्यात तीव्रपणे आला. २२ ऑक्टोबर २०२० ला घटनात्मक ट्रिब्युनलने, ज्यात सत्ताधारी पक्षाने नेमलेल्या न्यायाधीशांचं बहुमत होतं, निकाल दिला की गर्भात गंभीर दोष असला तरी गर्भपात घटनाबाह्य आहे. २०१९ मध्ये पोलंडमध्ये कायदेशीर गर्भपात झाले १,११०, त्यातले १,०७४ याच कारणाने. म्हणजे व्यवहारात गर्भपात संपलाच. आणि दोनच दिवसांनी पाचपेक्षा जास्त लोकांनी जमायला बंदी आली, दुसरी लाट चढत होती. जायचं की नाही? लाल विजेचं चिन्ह लावलेल्या बायका गेल्या. २८ ऑक्टोबरला, पोलिसांच्याच हिशोबाने, ४०० हून जास्त ठिकाणी मिळून ४,३०,००० च्या वर माणसं होती, आणि त्यात मोठ्या शहरांसोबत छोटी, धार्मिक गावंही, जिथे आधी कधी असलं काही झालं नव्हतं. टॅक्सीवाले आले, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आले. सत्ताधारी पक्षाचे प्रमुख काचिन्स्की व्हिडिओवर म्हणाले की या आंदोलनांनी खूप लोकांचा जीव जाईल आणि बोलावणारे गुन्हा करतायत.

मला विचाराल तर या गर्दीला जबाबदार कोण हा प्रश्न बायकांना विचारण्याआधी ट्रिब्युनलला विचारायला हवा होता. लाटेच्या तोंडावर तो निकाल द्यायची घाई कोणी केली? वेळ ज्याने निवडली, गर्दीची पहिली जबाबदारी त्याची. बाहेर पडणाऱ्यांची जबाबदारी यामुळे शून्य होत नाही, आणि बहुतेकांनी मास्क लावले, मोर्चे उघड्यावर आणि चालत ठेवले. पण जो माणूस दार बंद करून आत आग लावतो त्याने पळणाऱ्यांना धक्काबुक्कीबद्दल बोलू नये.

सगळीच गर्दी अशी विचार करणारी नव्हती हेही खरंय. सर्बियात २१ जून २०२० ला निवडणूक झाली, त्याआधी सगळी बंधनं उठवली होती, आणि निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी बिर्न या शोधपत्रकार संस्थेने दाखवलं की १ जूनपर्यंत सरकारने २४४ मृत्यू सांगितले ते सरकारच्याच नोंदीत ६३२ होते. ७ जुलैला वुचिच यांनी बेलग्रेडमध्ये पुन्हा वीकेंड कर्फ्यू जाहीर केला आणि त्याच रात्री लोक संसदेत घुसले. त्या गर्दीत विद्यार्थी होते, डावे होते, कट्टर राष्ट्रवादी होते, साथ हे थोतांड आहे म्हणणारे होते. दगड, अश्रुधूर, मारहाण. दोन दिवसांनी एका गटाने रस्त्यातच ठिय्या मारला, बसा, चिथावणीला बळी पडू नका अशी घोषणा देत, म्हणजे जो उभा राहून दगड मारतोय तो आपला नाही हे आपोआप दिसेल. कर्फ्यू तर सरकारने लगेच मागे घेतला होता. पण लोकांचा राग मुळात कर्फ्यूवर नव्हता, निवडणुकीसाठी खोटे आकडे सांगितले यावर होता, आणि त्याचं उत्तर कोणी दिलं नाही. सरकारने सोपी मागणी मान्य करून अवघड मागणी टाळली.

मग यातून मिळालं काय? हिशोब सरळ लागत नाही. पोलंडमध्ये एवढी गर्दी झाल्यावर सरकारने निकाल राजपत्रात छापायचा थांबवला, तीन महिने, आणि २७ जानेवारी २०२१ ला गर्दी ओसरल्यावर छापून टाकला. सर्बियात मात्र २०२१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लिथियमच्या खाणीविरुद्ध लोकांनी देशभर रास्ता रोको केला आणि सरकारने डिसेंबरमध्ये जमीन संपादनाचा कायदा आणि जानेवारीत खाणीच्या परवानग्या दोन्ही मागे घेतल्या. हंगेरीत जून २०२१ मध्ये चीनच्या फुदान युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसविरुद्ध हजारो लोक निघाले आणि तो प्रकल्प लगेच लांबणीवर पडला. मला यात एक गोष्ट दिसते, मागणी एका ठरावीक प्रकल्पाची असेल तर अशी सरकारं माघार घेतात कारण त्यांना निवडणूक परत जिंकायची असते, पण जिथे त्यांच्या सत्तेच्या रचनेलाच हात लागतो, कोर्ट, युनिव्हर्सिटी, चॅनल, तिथे ती हलत नाहीत, तुम्ही कितीही जमा.

साथीचे अधिकार मात्र साथीबरोबर गेले नाहीत. हंगेरीत जानेवारी २०२२ मध्ये शिक्षकांनी इशारा संप केला, पगार आणि कामाच्या बोजावरून. फेब्रुवारीत सरकारने साथीच्या आणीबाणीचाच अधिकार वापरून अध्यादेश काढला की संपातही शिक्षकांनी इतके तास काम करायलाच हवं, म्हणजे संपाला अर्थच उरला नाही. शिक्षकांनी मग सविनय कायदेभंग केला, कायदा मोडतोय हे सांगून वर्गात गेले नाहीत. मे २०२२ मध्ये साथीची आणीबाणी संपायची वेळ आली तेव्हा घटनेत दुरुस्ती करून शेजारच्या देशातलं युद्ध हे नवं कारण घातलं आणि युक्रेनच्या युद्धावरून नवी आणीबाणी जाहीर झाली. कारण बदललं, अध्यादेश काढायचा अधिकार तसाच.

पोलंडमध्ये १५ ऑक्टोबर २०२३ च्या निवडणुकीत ७४ टक्क्यांवर मतदान झालं, तेवढं १९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट संपल्यापासून कधीच झालं नव्हतं, तरुण आणि बायका रांगा लावून उभ्या होत्या, आणि सत्ताधारी पक्षाचं बहुमत गेलं. २०२० मध्ये विजेचं चिन्ह लावून पहिल्यांदा मोर्च्याला गेलेल्या मुली तोवर मतदार झाल्या होत्या. जुलै २०२४ मध्ये नव्या संसदेत गर्भपाताला मदत करणाऱ्यांवरची शिक्षा काढायचं विधेयक आलं, ते २१५ विरुद्ध २१८ मतांनी पडलं, कारण नव्या आघाडीतल्याच काही खासदारांनी साथ दिली नाही. त्याच महिन्यात बायका परत वॉर्सात संसदेसमोर आल्या, या वेळी ज्यांना मत दिलं होतं त्यांच्याविरुद्ध.